समोर बसलेलं माणूस

कडगंचीतल्या एका घराच्या ओसरीवर आज्जींना खुर्चीत बसवलं, तेव्हा सगळ्यांत आधी खडू लागला. खुर्चीचे चारही पाय टेकले होते तिथे शहाबादी फरशीवर खुणा केल्या, आज्जींच्या पावलांभोवती रेघ ओढली आणि नजर कुठे ठेवायची म्हणून समोरच्या भिंतीतली खुंटी दाखवली. आज्जी हसल्या. "एवढ्या रेघा कशाला रे बाबा? मी काय पळून चाललेय व्हय?"

पळून त्या जाणार नव्हत्याच. पण पंधरा मिनिटांत त्यांची हनुवटी बोटभर खाली आली. अर्ध्या तासाने डावा खांदा उतरला. नातू शाळेतून आला, दप्तर टाकून आत पळाला, आणि तेवढ्यात आज्जींच्या गालावर जे उमटलं ते आधी नव्हतं आणि पुन्हा आलंही नाही. कागदावर तोवर कपाळ, नाक आणि एक कान झाला होता. तिन्ही आपापल्या जागी बरे होते, पण एका आज्जींचे वाटत नव्हते.

माणूस समोर बसवून चित्र काढायला घेतलं की पहिल्याच बैठकीत ही अडचण येते. खिशात मोबाइल असतो. त्यात चेहरा क्षणात पकडता येतो. तो हलत नाही, कंटाळत नाही, मध्येच चहा मागत नाही. मग जिवंत माणसापुढे तीन-तीन तास घाम गाळायचा कशाला? चित्रकला शिकणारी मुलं हे हमखास विचारतात आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. थोडक्यात सांगायचं तर फोटोत काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कॅमेऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. हलणाऱ्या माणसापुढे ते ठरवायची पाळी आपल्यावर येते. व्यक्तिचित्रणाचं बरंचसं कसब या ठरवण्यात आहे, आणि पोहण्यासारखंच ते काठावर बसून येत नाही.

कडगंची, आळंद आणि कॅलेंडरवरचे देव

कडगंची हे कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यातलं, कलबुर्गी-आळंद रस्त्यावरचं गाव. २००९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचा परिसर इथलाच, त्यामुळे नव्या पिढीला गावाचं नाव त्या निमित्ताने माहीत असतं. मराठी घरांना मात्र ते कितीतरी जुन्या कारणाने ओळखीचं आहे. गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर याच गावचे, असं परंपरा मानते. शतकानुशतकं त्यांच्या ओव्या घरोघर वाचल्या जातात, पण त्यांचा चेहरा कसा होता हे आपल्याला ठाऊक नाही. समोर बसवून त्यांना रेखाटणारं कोणी नव्हतं. जवळच्या गाणगापुरात तर पूजा होते तीच पादुकांची.

चेहऱ्याविना श्रद्धा नांदू शकते, याचं याहून मोठं उदाहरण कुठलं? तरीही याच मुलखाने विसाव्या शतकात देवांना चेहरे देणारा चित्रकार दिला. संबानंद मोनप्पा पंडित, म्हणजेच एस. एम. पंडित, यांचा जन्म १९१६ साली गुलबर्ग्यात, आजच्या कलबुर्गीत झाला. त्यांना चित्रकलेचे पहिले धडे दिले शंकरराव आळंदकरांनी. आडनाव आळंदचं आणि शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं. निजामाच्या राज्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मुंबईची शिस्त अशी एका शिक्षकाच्या हातून पोहोचली. पंडित पुढे मद्रासला शिकले, मग मुंबईत दंडवतीमठ यांच्या नूतन कला मंदिरात आणि जे. जे.मध्ये. त्यानंतर त्यांनी सिनेमाची शोकार्डं रंगवली, बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया' मासिकाची मुखपृष्ठं केली आणि मग पौराणिक विषयांवरची ती चित्रं काढली, जी कॅलेंडरांतून देशभरच्या भिंतींवर गेली. १९९३ साली ते वारले.

त्यांची चित्रं नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांचे देव हवेतून आलेले वाटत नाहीत. उभ्या देवाचं वजन एका पायावर असेल तर त्या बाजूचं कंबरेचं हाड वर उचललेलं असतं, मान वळली की कानामागून गळ्याच्या खळगीकडे जाणारा स्नायू ताणलेला दिसतो, हात उचलला की गळपट्टीचं हाड तिरकं होतं. देव कोणी समोर बसवू शकत नाही, पण त्याच्या खांद्याचं हाड कसं वळेल हे कळायला शेकडो माणसं समोर बसवावी लागतात. कल्पनेतून काढलेल्या चेहऱ्यामागे उभं असतं ते प्रत्यक्षातून काढलेल्या चेहऱ्यांचं भांडवल.

निजामाच्या राज्यातूनच आलेलं आणखी एक नाव गोपाळ देऊसकरांचं (१९११–१९९४). आईवडिलांमागे ते हैदराबादेत चित्रकार असलेल्या चुलत्यांकडे वाढले, जे. जे.मध्ये शिकले आणि पुढे लंडनला गेले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात त्यांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. माणूस एकच, पण नेसवलेल्या शालूबरोबर मानेचा बाक, खांद्याची ठेवण, बोटांची पेरं सगळं बदललेलं आहे. दागिने रंगवणारे पुष्कळ असतात. त्या दागिन्यांखालचं शरीर बदललंय हे दाखवायला शरीराचा अभ्यास लागतो.

लाइफ क्लास आणि हेडस्टडी

जे. जे. स्कूल सुरू झालं १८५७ साली. सुरुवातीची कित्येक दशकं तिथे पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकलांवरून, नमुन्यांवरून आणि अलंकरणावरून रेखाटन शिकवण्यावर भर होता. जिवंत मॉडेल बसवून शरीराचा पद्धतशीर अभ्यास करण्याचा वर्ग १९१९ नंतर कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन प्राचार्य झाल्यावर भरू लागला. पंडितांची पिढी घडली ती या वातावरणात. त्याआधीही ज्यांना व्यक्तिचित्रणात नाव मिळवायचं होतं त्यांनी मॉडेल शोधलेच. पेस्तनजी बोमनजींनी पारशी घरातली माणसं रंगवली, तर मूळचे गोव्याचे आंतोनियु शावियर त्रिंदाद घरच्या माणसांना आणि ओळखीच्यांना बसवत राहिले. साधू, फकीर, हमाल, कोळीण अशा चेहऱ्यांची हेडस्टडी हा तर मुंबई परंपरेतला नित्याचा रियाज झाला.

हेडस्टडी म्हणजे फक्त डोकं आणि मान. कपडे, हात, पार्श्वभूमी काही नाही. गवयाने सकाळी षड्ज लावावा तसा हा प्रकार. तो कोणाला विकायचा नसतो, भिंतीवर लावायचा नसतो. त्यामुळे चुकायची मोकळीक मिळते, आणि शिकणाऱ्याला सगळ्यांत जास्त गरज असते ती या मोकळिकीची.

या परंपरेतलं एक चित्र मराठी माणसाला म्हैसूरला गेल्यावर हटकून दाखवलं जातं. जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं दिवा धरून उभ्या असलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. हळदणकर सावंतवाडीचे. मुंबईत १९०८ साली त्यांनी स्वतःची चित्रशाळा काढली होती. या चित्रासाठी त्यांची मुलगी गीता दिवा घेऊन उभी राहिली. ज्योतीपुढे आडव्या धरलेल्या हाताची बोटं पाहा. बोटांच्या कडा आतून पेटल्यासारख्या तांबूस दिसतात, कारण उजेड त्वचेतून आणि रक्तातून गाळून बाहेर येतो. मधल्या भागात हाड आणि जाड मांस असल्यामुळे तिथे तो अडतो. हा लालसरपणा ठरवून सुचत नाही. अंधाऱ्या खोलीत कोणाला तरी दिवा धरून उभं करावं लागतं आणि तिचा हात अवघडेपर्यंत पाहत राहावं लागतं.

कॅमेरा काय गाळतो

फोटोवरून काम करण्यात पाप काही नाही. गेलेल्या वडिलांचा पासपोर्ट फोटो घेऊन कोणी घरी आलं, तर चित्रकाराने त्यांना परत पाठवायचं का? पण फोटो काय गाळतो हे ज्याला माहीत आहे तोच गाळलेलं परत घालू शकतो.

पहिली गोष्ट अंतराची. मोबाइल हातभर लांब धरून चेहरा टिपला तर नाकाचा शेंडा साधारण दीड फुटावर असतो आणि कान त्याच्या पाचेक इंच मागे. म्हणजे कानाच्या मानाने नाक जवळजवळ सव्वापट मोठं उमटतं. तोच माणूस आठ फुटांवरून पाहिला तर हा फरक पाच टक्क्यांवर येतो. आपण माणसाला ओळखतो ते बोलण्याच्या अंतरावरून, ओसरीच्या या टोकावरून त्या टोकाला पाहून. म्हणूनच चित्रकार सहा ते आठ फुटांवर बसतो आणि दर काही मिनिटांनी उठून आणखी मागे जातो.

दुसरी गोष्ट सावलीची. ओसरीवर बसलेल्या माणसाच्या पाठीमागे ऊन असेल तर कॅमेरा एक तर ऊन सांभाळतो किंवा चेहरा. ऊन सांभाळलं की चेहऱ्याची सावलीची बाजू काळी पडते. आपला डोळा दोन्हीकडे फिरतो, प्रत्येक ठिकाणी बाहुली लहानमोठी करतो आणि सावलीतही रंग शोधतो. हनुवटीखाली बारकाईने पाहिलं तर तिथे शहाबादी फरशीचा करडा-निळसर उजेड परतलेला दिसतो. पांढरं धोतर नेसून मांडी घालून बसलेल्या माणसाच्या जबड्याला खालून पांढरा उजाळा मिळतो, हिरव्या इरकलीचा पदर असेल तर गळ्याच्या सावलीत हिरवट झाक येते. फोटोवरून शिकलेल्या मुलांच्या चित्रांत सावल्या तपकिरी आणि मेलेल्या असतात, त्या यामुळे. सावलीत काही असतं हेच त्यांना कधी दिसलेलं नसतं.

तिसरी गोष्ट वेळेची. फोटोत सेकंदाचा शंभरावा हिस्सा असतो, तर तीन तासांच्या बैठकीत माणूस ताठ बसतो, सैलावतो, कंटाळतो, काहीतरी आठवून मनाशी हसतो. या सगळ्यांतून टिकून राहतं ते त्याचं खरं रूप. ओठांची एक ठेवण दर वेळी परत येते, एक भुवई नेहमीच जराशी वर असते. शंभर हालचालींतून पुन्हापुन्हा परतणारी गोष्ट पकडायची म्हणजेच साम्य पकडायचं. आज्जींच्या चित्रात तीन वेगळ्या आज्जी आल्या त्याचं कारण हेच. हात थेट चालू लागला होता, काय परत येतंय याची वाट डोळ्याने पाहिली नव्हती.

उजेड कुठून घ्यायचा

युरोपातल्या पुस्तकांत एक नियम असतो, स्टुडिओची खिडकी उत्तरेला हवी. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, आकाशाचा संथ उजेड येतो आणि सावल्या दिवसभर जागच्या जागी राहतात. लंडन-पॅरिससाठी हा नियम बऱ्याच अंशी खरा आहे. कडगंचीला तो जपून वापरावा लागतो. हे गाव साधारण साडेसतरा अक्षांशावर आहे. मेच्या १० तारखेच्या आसपास दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतोही उत्तरेकडे झुकून. म्हणजे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून सरळ ऊन आत येतं. दसऱ्यानंतर होळीपर्यंत मात्र ही खिडकी विश्वासाची. सुगी सोडली तर माणसं निवांत सापडण्याचे दिवसही साधारण हेच, त्यामुळे लांबच्या बैठका थंडीत घ्याव्यात हे इथलं सोयीचं पंचांग.

जुन्या माळवदाच्या घरांत आणखी एक सोय असते. छतात उजेडासाठी ठेवलेलं सवणं. त्यातून वरून पडणारा एकच झोत कपाळ, गालाची हाडं, नाकाचा कणा आणि खालचा ओठ एवढंच उजळतो. डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालचा भाग आणि गळा सावलीत जातो. चेहरा म्हणजे चढउतारांचा डोंगर आहे हे शिकायला याहून चांगली शाळा नाही. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत चारही बाजूंनी उजेड असतो, सगळे चढउतार सपाट होतात आणि नवखा भुवया-पापण्या मोजत बसतो.

पाहण्याचा क्रम

नवशिक्याच्या चित्रात एक चूक जवळजवळ ठरलेली असते. डोळे फार वर जातात. मोठ्या माणसाच्या डोक्याची पूर्ण उंची घेतली तर डोळे बरोबर निम्म्यावर येतात. पण आपलं लक्ष डोळे, नाक, तोंड यांच्यावर असतं. कपाळ आणि केसांखालची कवटी आपल्या लेखी मोकळी जागा असते, म्हणून ती आपण आकसून टाकतो. लहान मुलांत डोळे आणखी खाली, निम्म्याच्याही खाली असतात. केसांची रेघ ते भुवई, भुवई ते नाकाचं टोक, नाक ते हनुवटी हे ढोबळमानाने तीन सारखे भाग. कान भुवई आणि नाकाच्या टोकाच्या दरम्यान. ही मापं पाठ करावीत, आणि मग समोरचा माणूस त्यांच्यापासून कुठे वेगळा आहे ते शोधावं. तो जिथे वेगळा आहे तिथेच तो आहे.

पाहणंही शिकावंच लागतं, याला दुजोरा देणारा एक प्रयोग इंग्लंडमध्ये झाला होता. हम्फ्री ओशन या व्यक्तिचित्रकाराच्या डोक्यावर डोळ्यांची हालचाल टिपणारं उपकरण बसवून तो चित्र काढताना त्याची नजर कुठे जाते हे जॉन चालेंको आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं. नवख्यांची नजर चेहऱ्यावर एकाच फेरीत अनेक ठिकाणी भिरभिरत होती. ओशनची नजर एका फेरीत एकाच जागी थांबत होती, आणि मग हात तेवढंच काढत होता. म्हणजे सराव हाताचा होतो तितकाच, किंबहुना त्याहून जास्त, नजरेचा होतो. मनाशी एक नेमका प्रश्न धरून पाहायचं. 'नाकपुडीची कड डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या खाली येते की बाहेर?' एवढंच पाहायचं, एवढंच काढायचं, मग पुढचा प्रश्न.

काम करताना क्रम मोठ्याकडून बारीककडे असावा. आधी डोक्याचा कल आणि मानेशी त्याचा कोन. मग डोळे किलकिले करून, पापण्यांच्या फटीतून पाहावं. बारकावे विरघळतात आणि चेहऱ्याचे दोनच भाग उरतात, उजेडाचा आणि सावलीचा. या दोन भागांचे आकार बरोबर पडले तर पापणी न काढताही माणूस ओळखू येतो. ओळखीचं माणूस गल्लीच्या टोकाला दिसतं तेव्हा आपण त्याच्या पापण्या कुठे पाहिलेल्या असतात? त्यानंतर चेहऱ्याचे पैलू पाहावेत, म्हणजे कपाळाची समोरची आणि बाजूची पातळी, गालाच्या हाडाचा कोपरा, हनुवटीचा गोळा. डोळ्यांतले बारकावे आणि ओठांचे कोपरे सर्वांत शेवटी. दागिने तर त्याहूनही शेवटी. तांड्यावरची लमाणी बाई समोर बसली की नवखा तिच्या आरशांत आणि चांदीत हरवतो, आणि दोन तासांनी कागदावर दागिने असतात, बाई नसते.

रंग, जवस आणि करडई

तैलरंगात शिरणाऱ्याला या मुलखात एक गंमत कळायला हवी. रंगाची पूड ज्या तेलात घोटतात ते मुख्यतः जवसाचं. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होतं आणि रंगाला धरून ठेवतं. पाण्यासारखं उडून जात नाही. पण जवसाचं तेल काळाने पिवळसर होतं, म्हणून पांढऱ्या आणि फिक्या रंगांसाठी काही रंग बनवणारे करडईचं तेल वापरतात. ते कमी पिवळं पडतं, मात्र सावकाश वाळतं. जवस आणि करडई दोन्ही या काळ्या रानातली रब्बीची जुनी पिकं. आज्जींच्या स्वयंपाकघरात जवसाची चटणी होती आणि ओसरीवर पॅलेटवर जवसाचं तेल. स्वयंपाकाचं तेल मात्र चित्रात घालू नये. कलासाहित्याचं तेल शुद्ध करून घेतलेलं असतं.

रंग मोजकेच घ्यावेत. स्वीडनचा आंदेर्स झोर्न पिवळी माती, शेंदरी लाल, काळा आणि पांढरा अशा मोजक्या रंगांवर चेहरे उभे करण्यासाठी ओळखला जातो. उन्हात रापलेली सावळी त्वचा रंगवताना हे चार रंग फार उपयोगी पडतात. नवखा गुलाबी रंग घेतो आणि सावळं करायचं म्हणून त्यात काळा ढकलतो. चेहरा राखेसारखा होतो. पिवळी माती आणि लाल यांवर आधी पाया घालावा. सावळ्या, घामेजलेल्या त्वचेवर आकाशाचा उजेड चमकतो तिथे निळसर थंड छटा दिसते, आणि त्वचा गडद असल्यामुळे ती चमक गोऱ्या चेहऱ्यावरच्यापेक्षा ठसठशीत दिसते. कपाळ किंचित पिवळसर, गाल-नाक-कान तांबूस कारण तिथे रक्तवाहिन्या त्वचेच्या जवळ, आणि दाढी केलेल्या पुरुषाचा जबडा करडा-निळसर. हे पट्टे फार सौम्य असतात. त्यांची खात्री करायला माणूसच लागतो.

सरावाचा नेम

मॉडेल नाही ही सबब नेहमीची. पहिलं मॉडेल आरशात असतं. आल्ब्रेख्त ड्यूररने १४८४ साली तेराव्या वर्षी आरशात पाहून स्वतःचं रेखाचित्र काढलं, ते आजही जपलेलं आहे. रेम्ब्रांटने तैलचित्रं, कोरीवचित्रं आणि रेखाटनं मिळून स्वतःला सुमारे ऐंशी वेळा समोर घेतलं. आरशाची मर्यादा एवढीच, की त्यात आपण नेहमी स्वतःकडे रोखून पाहत असतो.

त्यानंतर रोजची झटपट रेखाटनं. बसथांब्यावर, आठवडी बाजारात, न्हाव्याच्या दुकानात, पारावर. गाडी येईपर्यंत पाच मिनिटं माणूस मिळतं, तेवढ्यात डोक्याचा कल आणि मुख्य सावली एवढंच काढायचं. विद्यापीठ असल्याने कडगंचीच्या बसथांब्यावर वेगवेगळ्या राज्यांतले चेहरे एका रांगेत भेटतात, ही या गावाची खास सोय. मग आठवड्यातून एकदा कोळशाने वीस मिनिटांचं डोकं, आणि महिन्यातून एक-दोनदा तीन तासांची रंगातली बैठक. वीस-पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती असा ताल ठेवावा. विश्रांतीनंतर खडूच्या खुणांवर खुर्ची आणि पावलं परत आणावीत. सहा जणांनी मिळून एक मॉडेल बसवलं तर खर्च वाटून जातो आणि सहा कोनांतला एकच माणूस शेवटी भिंतीशी ओळीने लावून पाहता येतो. त्या ओळीतून जे कळतं ते एकट्याने दहा चित्रं काढून कळत नाही. मुंबईत वासुदेव कामत आणि त्यांचे सहकारी अशा प्रत्यक्ष व्यक्तिचित्रणाचा आग्रह धरत आले आहेत. कामतांचा जन्म कर्नाटकातल्या कारकळचा, शिक्षण जे. जे.चं. अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च पुरस्कार त्यांना २००६ साली मिळाला, आणि ज्या चित्राला मिळाला ते त्यांच्या पत्नीचं होतं. मॉडेल शोधायला फार लांब जावं लागत नाही.

एकच माणूस पुन्हापुन्हा बसवणं हा आणखी एक रियाज. सेझानने आंब्रुआज व्होलार या चित्रविक्रेत्याला १८९९ साली शंभराहून अधिक वेळा बसवलं आणि तरी चित्र अपुरं मानलं. इतका अंत कोणाचा पाहू नये. पण चार-पाच वेळा तोच चेहरा काढला की पहिल्या चित्रात आपण माणूस काढला होता की आपली चेहऱ्याची ठरीव सवय, हे उघड होतं. आणि बैठक संपल्यावर घरी जाऊन तोच चेहरा आठवणीतून काढावा. जे आठवत नाही ते पाहिलंच नव्हतं.

बसणाऱ्याचा मान राखणं हे या सगळ्याच्या आधीचं. शेतमजुराची दुपार घेतली तर त्या दुपारची मजुरी द्यावी. परवानगी आधी घ्यावी, चित्र झाल्यावर दाखवावं, पाणी विचारावं. वयस्कर माणसाला पाठीला उशी द्यावी. आपण पाहतोय तसं तेही आपल्याला पाहत असतं, हे विसरलं की चेहरा बंद होतो आणि मग कितीही कसब असलं तरी त्यातून काही मिळत नाही.

आज्जींची तिसरी बैठक

आज्जी तिसऱ्यांदा बसल्या तेव्हा खुणा पुसट झाल्या होत्या. नातवाने त्या स्वतःच पुन्हा ओढल्या. या वेळी पहिली दहा मिनिटं कागदावर काहीच केलं नाही. नुसतं पाहिलं. हनुवटी खाली येते, ठीक आहे, मग ती खाली आलेलीच धरायची, कारण ताठ मान ही पाहुण्यांसाठी होती. वय झालं की गालावरचं मांस उतरतं आणि आत लपलेली हाडं वर येतात. म्हाताऱ्या चेहऱ्यावर शिकणं सोपं जातं ते त्यामुळे. सुरकुती एकही काढली नाही. गालाचं हाड, भुवईची कमान, जबड्याचा कोपरा आणि त्यांच्या सावल्या एवढंच मांडलं. उजव्या डोळ्याची पापणी शेवटी आली, तीही एका रेघेत.

चित्र त्यांच्यासमोर धरलं. घरातल्या आरशात त्या कुंकू लावण्यापुरतंच पाहत असाव्यात, कारण बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग पदराने डोळे पुसून नातवाला म्हणाल्या, "ही तर माझी आई रे. माझ्या लग्नात अशीच बसली होती बघ."

त्यांच्या आईला आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. तिचा फोटोही घरात नव्हता.